आमची वाटचाल : जाड दांडा, बारीक रेघ

ठाण्याच्या नौपाड्यात वडिलांचा ट्रेडल, म्हणजे पायपट्टीच्या यंत्राचा, छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांच्या पावत्या. नव्या ऑफसेट छपाईपुढे तो टिकला नाही. मी डीटीपीकडे, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीकडे, वळलो आणि पुढे वागळे इस्टेटमध्ये गाळा घेऊन दुकानांचे बोर्ड करू लागलो. आज आमचं काम मथळ्यांच्या आणि पाट्यांच्या मोठ्या अक्षरांचं. त्यातही माझा जीव जाड-बारीक फरक टोकाला नेणाऱ्या सेरिफ अक्षरांत; सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या टोकाची छोटी आडवी रेघ.

हे वळण अठराव्या शतकाच्या अखेरीचं. इटलीतल्या पार्म्यात मुद्रक बोदोनी, पॅरिसमध्ये दिदो हे मुद्रकांचं घराणं. गुळगुळीत कागद आणि सुबक ठसे मिळू लागले म्हणून केसाएवढी रेघ छापता आली. पुढे लंडनमधल्या जाहिरातवाल्यांना लांबून दिसणारं अक्षर हवं झालं, तेव्हा अक्षरांचे उभे दांडे फुगवले, रेघा मात्र तशाच बारीक राहिल्या. तेच फॅट फेस. मथळ्यात ते राजासारखं उभं राहतं, पण व्हिजिटिंग कार्डावर लहान केलं की रेघा गायब होतात. म्हणून एकाच नावासाठी आम्ही बोर्डाचं अक्षर वेगळं काढतो आणि कार्डाचं वेगळं. अ‍ॅक्रिलिकमध्ये तर बारीक रेघेच्या आत एलईडी बसतच नाही; तिथे मागून उजेड देतो.

2022 मध्ये कायदा बदलला. दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालेना. सराफ, साडीवाले इंग्रजी लोगो घेऊन यायचे: “दादा, हेच मराठीत करून द्या.” आमच्या कामाला खरा अर्थ तिथे आला.

रोमनचे जाड दांडे आणि सेरिफ देवनागरीवर चिकटवून भागत नाही. बोरूची कापच उलटी; रोमन टाकाची जाडी ज्या तिरक्या दिशेला पडते, त्याच्या विरुद्ध आपली पडते. शिरोरेषा केसासारखी ठेवली तर शब्द सुटासुटा दिसतो, दांड्याएवढी केली तर वरचं सगळं कोंदटतं. ‘ज्वेलर्स’ घ्या: जोडाक्षर, मात्रा आणि रफार, सगळं एका शब्दात. आम्ही शिरोरेषेला मधली जाडी देतो आणि मात्रेचं टोक हातानं काढतो. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ या जातीचा उत्तम मोफत फॉन्ट आहे. बजेट कमी असेल तर तोच सुचवतो, जोडाक्षरांमधलं अंतर मात्र स्वतः बघतो. मराठी पाटी इंग्रजीची सावली दिसता कामा नये, हा आमचा हट्ट. त्यापायी काही गिऱ्हाइकं गेली, पण जी राहिली ती दुसऱ्या शाखेच्या पाटीलाही आमच्याकडेच आली.

सध्या स्वतःचा पूर्ण फॉन्ट करतोय. मूळाक्षरं झाली, आकडे झाले. ‘ळ’ची दोन रूपं समोर आहेत आणि मुलीचं नि माझं त्यावर अजून एकमत व्हायचंय.