कुड्याच्या सालीसाठी ताम्हिणी उतरलो, ते पण दोनदा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला कुड्याची साल हवी होती. आमांशावरचं कुटजारिष्ट हे आयुर्वेदिक औषध याच सालीचं, तिच्यात कोनेसिन नावाचं अल्कलॉइड (वनस्पतीतलं कडू रसायन) असतं आणि ते आमांशाच्या अमीबाला मारतं. पूर्वी डॉक्टरही द्यायचे, पण चक्कर येणं, झोप उडणं असले त्रास व्हायचे म्हणून मागे पडलं. बाजारातल्या सालीत भेसळ फार, म्हणून म्हटलं आपणच जाऊ.

पहिली फेरी ऑगस्टमध्ये. पौड, मुळशी करत घाट उतरलो, विळ्याजवळ ओळखीच्यांच्या जागेत झाड दिसलं, समोरासमोर पानं, तोडल्यावर पांढरा चीक, झालं, कुडाच! दोन किलो साल घेऊन घरी. चार दिवसांनी पेपरात दाबलेली पानं बघतो तर निळी-काळी पडलेली. अल्कलॉइड ओळखायचं ड्रॅगेनडॉर्फ नावाचं रसायन सालीच्या अर्कात टाकल्यावर नारिंगी साका बसायला हवा, तिथे नुसतं गढूळ पाणी. तो निघाला काळा कुडा, म्हणजे रायटिया; मला हवा होता तो पांढरा. त्याच्या पानांपासून निळा रंग काढायचे हे मी नंतर वाचलं, काय उपयोग.

म्हणून सांगतो, डिसेंबरात जा, शेंगा असतात तेव्हा. दुसऱ्या वेळी गावातल्या मामांना सोबत घेतलं, त्यांचा पहिलाच प्रश्न, "पांढरा का काळा?" चीक दोघांनाही येतो, त्यावर जाऊ नका. काळ्याच्या जोडशेंगा टोकाला चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. मामांनी एक बी फोडून जिभेवर ठेवायला लावलं. कुड्याच्या बीला इंद्रजव म्हणतात; कडू इंद्रजव पांढऱ्याचं, काळ्याचं गोडं.

ताम्हिणी अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही, मालकीच्या जागेत मालकाला विचारून घ्या. साल फांदीच्या एकाच बाजूची काढा, गोल सोललीत तर फांदी मेलीच. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका, बुरशी येते. सावलीत वाळवा, उन्हात नको. चीनच्या तू योयोंना मलेरियावरचं औषध दवण्याच्या जातीतल्या झाडात सापडलं ते उकळणं सोडून ईथरने थंडच काढलं तेव्हा, आणि त्याचं 2015 ला नोबेल मिळालं, त्यामुळे उष्णतेचं मी जरा जास्तच मनावर घेतलंय. शेंगांसकट एक डहाळी दाबून पुण्यात कोरेगाव रोडच्या बीएसआयमधून (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) ओळख पटवून घ्या, साल दळायच्या आधी.

आणि खिशात गुळाचा खडा ठेवा. ते बी माझ्या तोंडात पौडपर्यंत कडू होतं.