किल्ल्यातलं दुकान

कपडेखरेदी म्हटलं की माझं डोकं आधीच दुखायला लागतं. लग्नसराईत इंदूरच्या सीतलामाता बाजारात एकदा शिरून पाहा. पायरीवर उभा असलेला माणूस "भाभीजी, देखने के पैसे नहीं लगते" म्हणत आत बोलावतो, गादीवर साड्यांचा ढीग पडतो आणि शेवटची घडी मोडेपर्यंत पहिली कशी होती हे कोणालाच आठवत नाही. नवऱ्यांना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवतात, चहा देतात आणि विसरून जातात. स्टुलाबद्दल माझी तक्रार नाही. चहाबद्दल तर मुळीच नाही.

पण एका दुकानात मी आपणहून जातो. त्यासाठी घाट उतरून निमाडात नव्वदेक किलोमीटर गाडी हाकायचीही तयारी असते, आणि यावर घरच्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. हे दुकान म्हणजे महेश्वरच्या किल्ल्यातली रेवा सोसायटी. इथले माग बंद पडत चालले होते, तेव्हा 1979 मध्ये होळकर राजघराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ही संस्था काढली. विणणाऱ्या बहुतेक बायकाच.

खरं सांगायचं तर मी आधी मागांपाशीच रेंगाळतो. खटखट चालू असते, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे पळत असतो. मध्येच ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक धागा तुटतो. मला तर तो दिसतही नाही. विणणारी बाई हात थांबवते, केसाएवढं ते टोक बरोबर शोधून काढते, नवा धागा जोडून चिमटीत पीळ देते, फणीतून ओढून घेते आणि शेजारणीशी चाललेल्या गप्पा न तोडता पुन्हा कामाला लागते. इतका वेळ खर्चून कापड बोटभर पुढे सरकलेलं असतं. हे पाहिल्यावर दुकानात जाऊन घासाघीस करायला तोंड उघडत नाही. साड्या स्वस्त नाहीत, हेही सांगून टाकतो.

इथल्या महेश्वरी साडीचं मला पटतं ते असं, की तिची सगळी हौस काठापदरात. अंग साधं, फार तर चौकडी किंवा रेघा. उभा धागा रेशमी, आडवा सुती, त्यामुळे हातात घेतली तरी वजन जाणवत नाही. जुन्या पद्धतीच्या पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे. काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा, म्हणजे उलटसुलट बघायची कटकट नाही. (साडी विकत घेणाऱ्या पुरुषाला याहून मोठी सोय काय हवी?) काठावर चटई, वीट, हिरा, नर्मदेची लहर. दुकानातून निघून घाटाच्या पायऱ्या उतरताना जरा तटाकडे आणि देवळांच्या भिंतींकडे पाहावं. तिथल्या कोरीवकामात यांतल्या बऱ्याच नक्ष्यांचे सगेसोयरे भेटतात. अहिल्याबाईंनी राजधानी इथे आणली, विणकरांना आश्रय दिला आणि नजराण्याच्या साड्या विणून घेतल्या, असं इथे सगळेच सांगतात.

शहरातल्या दुकानांत काचा असतात, दिवे असतात, मंद संगीतही असतं. मला तिथे फक्त बाहेर जायचा रस्ता दिसतो. इथे मात्र बायको म्हणते, "अहो, चला आता, जेवायची वेळ झाली."

मागल्या खेपेला मी स्वतःसाठी कुर्त्याचं कापडही घेतलं, राखाडी, बारीक रेघांचं. ते अजून कपाटातच आहे. शिंप्याकडे जायचं म्हणजे मापं, बाह्यांची लांबी, कॉलर कशी हवी... तो जाच वेगळाच.