तुम्ही विचारलंत म्हणून : बाग कुणाची?

वटपौर्णिमा आली की ऑफिसातली एखादी मैत्रीण मला हमखास विचारते, "आमच्यात वडाला फेऱ्या मारतात, नदीला आई म्हणतात. तुमच्या बायबलमध्ये तर पृथ्वीवर सत्ता चालवा असं लिहिलंय म्हणे. मग तुला झाडांचं एवढं काय गं?" विचारण्यात खोच नसते, म्हणून नीट उत्तर देते.

लिहिलंय, खरं आहे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, पहिल्याच अध्यायात आहे. १९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने नेमक्या याच धारणेवर बोट ठेवून निसर्गाच्या नासाडीचा दोष पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर टाकला होता. मला तो आरोप झटकून टाकता येत नाही. ते वचन सोयीने वापरणारे आमच्यातच होते, अजूनही आहेत.

पण पुढचं पान उलटा. दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला. बाग त्याच्या नावावर करून देत नाही. लेवीय पुस्तकात दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायचा नियम आहे. त्या वर्षी आपसूक उगवेल ते घरच्यांनी, मजुरांनी, परक्यांनी आणि जनावरांनीसुद्धा खायचं. तिथेच देव बजावतो, जमीन कायमची विकू नका, ती माझी आहे, तुम्ही इथे उपरे आहात. अनुवाद पुस्तकात तर शहराला वेढा घातलेल्या सैन्यालाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवायला मनाई आहे. मुंबईकराला हे समजायला जड जाऊ नये. पागडीच्या खोलीत तीन पिढ्या काढल्या तरी भिंत पाडायची तर मालकाला विचारावंच लागतं.

तेव्हा आम्ही वडाला देव मानत नाही, हे मान्य. वड देवाचा आहे, एवढ्यावरच माझं भागतं. मालक आहे म्हटल्यावर हिशेब आला.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या पत्रात त्या हिशेबात गरिबांनाही धरलं. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश दोन्ही एकत्र ऐका, असं ते म्हणतात. आम्हा मरोळकरांना हे रोमहून कळायची गरज नव्हती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी नदीच्या काठच्या झोपड्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

पत्राचं नाव असिसीच्या संत फ्रान्सिसच्या स्तोत्रातलं. सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणारा हा संत; त्याचा सण ४ ऑक्टोबरला. २०१९ साली त्याच तारखेला, शुक्रवारी रात्री, मुंबईतल्या आरेच्या जंगलात मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालल्या. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. तारीख कुणी मुद्दाम निवडली नव्हती, ते मलाही कळतं. पण मधल्या रविवारी आमचा आगेरा होता.

आगेरा म्हणजे ईस्ट इंडियनांचा, म्हणजे आम्हा मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचा, सुगीचा सण, ऑक्टोबरचा पहिला रविवार. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यायच्या, फादरनी आशीर्वाद दिला की एकेक लोंबी घरी आणून देवाच्या फोटोला लावायची. आमची शेतं केव्हाच कारखान्यांखाली गेली, त्यामुळे लोंब्या बाहेरून मागवाव्या लागतात. त्या रविवारी लुगडी नेसून, बँड लावून आम्ही विकतच्या भाताबद्दल देवाचे आभार मानले. आरेचं नाव प्रार्थनेत आलं नाही. मला ते अजून खटकतं. दुसऱ्याच्या धर्मात काय लिहिलंय याची चौकशी करणाऱ्यांपेक्षा, आपल्यात लिहिलेलं विसरणाऱ्यांवर माझा राग जास्त आहे.

"मग तुमच्या चर्चमध्ये करता काय?" हा पुढचा प्रश्न. छपरावर सोलर आहे. ओला कचरा वेगळा होतो. नाताळच्या गोठ्यातून थर्माकोल गेला, कागद आणि पेंढा आला. आवारात मात्र भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. जुन्या आंब्याच्या तर अगदी बुंध्याला टेकवलेत. मुळं फुगून कडेचे ब्लॉक उचललेत आणि पावसाचं पाणी झाडाला न मिळता गटारात जातं.

यंदा ते बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढायचा विषय पॅरिश कौन्सिलपुढे, म्हणजे चर्चच्या मंडळापुढे, ठेवलाय. दोन गाड्यांची जागा जाते म्हणून विरोध होतोय. विरोध करणाऱ्यांत आगेराच्या कमिटीतले लोकही आहेत.