पालमचं टेम्पेस्ट आणि अंबाल्याचा एक फोटो

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी दहाच्या ठोक्याला मी पालमच्या हवाई दल संग्रहालयाच्या दारात उभा होतो. पुण्याहून दिल्लीला गेलो ते एकाच विमानासाठी, हॉकर टेम्पेस्ट मार्क दोन या जुन्या ब्रिटिश लढाऊ विमानासाठी. १:४८ मापातलं त्याचं किट, म्हणजे जोडून रंगवायच्या मॉडेलचा डबा, वर्षभर कपाटात पडून होतं. मला करायचं होतं १९४७-४८ च्या काश्मीर युद्धाच्या काळातलं भारतीय टेम्पेस्ट. किटसोबत वेगळे मागवलेले डिकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा, आले. त्यात केशरी-पांढरं-हिरवं चक्र, म्हणजे विमानावरची देशाची गोल खूण, होतं आणि खाली छापलं होतं '१९४८'. तिथेच मी थांबलो. ते तिरंगी चक्र आपल्या विमानांवर आलं १९५० मध्ये, प्रजासत्ताकाबरोबर. स्वातंत्र्यानंतरच्या मधल्या काळात विमानांवर अशोकचक्र होतं, पांढऱ्यावर निळं. त्याआधी ब्रिटिशांचं निळं-पांढरं-लाल. म्हणजे एकाच विमानावर तीन-चार वर्षांत तीन खुणा आल्या असतील, आणि तुमचं मॉडेल नेमक्या कोणत्या महिन्यातलं आहे हे ठरवल्याशिवाय रंगाची बाटली उघडण्यात अर्थ नाही.

आधी जाण्याचं सांगतो. संग्रहालय सोमवारी आणि मंगळवारी बंद असतं. शनिवार-रविवार सोडून पुण्याहून निघणारे आपण नेमके सोमवारी पोचतो, तेव्हा बुधवार ते शुक्रवार धरा आणि निघण्यापूर्वी दिवस-वेळ पुन्हा एकदा विचारून घ्या. प्रवेशाला पैसे नाहीत, ओळखपत्र मात्र जवळ ठेवा. मेट्रोने पालम किंवा विमानतळाच्या टर्मिनल एकपर्यंत जाऊन पुढे रिक्षा केलेली बरी. रिक्षावाल्याला 'एअर फोर्स म्युझियम' असंच सांगा, नाहीतर तो विमानतळावर नेऊन सोडेल. डिसेंबर-जानेवारी टाळा, धुक्यात गाडी किती तास अडकेल याचा नेम नसतो.

बाहेर मोठी विमानं उभी आहेत, लिबरेटर, पॅकेट. त्यांच्यासमोर रेंगाळू नका, सकाळचा वेळ हँगरसाठी ठेवा. आत एकाच छपराखाली वापिती, हरिकेन, स्पिटफायर आणि आपलं टेम्पेस्ट, क्रमांक एचए ६२३. शाळांच्या सहली साधारण अकरानंतर येतात. पहिला तास जवळजवळ एकट्याचा मिळतो.

टेम्पेस्टसमोर पहिल्यांदा उभं राहिल्यावर त्याचा आकार अंगावर येतो. पंख टोकापासून टोकापर्यंत ४१ फूट. पुढे सेंटॉरस इंजिन, अठरा सिलिंडरचं, त्यामुळे नाक गोल आणि भरदार. युरोपात लढलेल्या मार्क पाचच्या नाकाखाली मोठा रेडिएटर लोंबतो, तो इथे नाही. हवा घेण्याची तोंडं पंखांच्या मुळाशी, पुढच्या कडेत बसवली आहेत आणि तेल थंड करणारा कूलर फक्त उजव्या पंखात आहे. म्हणून डाव्या पंखाची पुढची कड आणि उजव्याची कड सारखी नसते. किटवर ही तफावत बहुतेक जण घासून टाकतात. तोफा चार, वीस मिलिमीटरच्या, पण नळ्या पंखाच्या बाहेर डोकावत नाहीत. पंख्याची, म्हणजे प्रॉपेलरची, फिरण्याची दिशाही इथे बघून ठेवा. सेंटॉरसचा पंखा कॉकपिटमधून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, त्यामुळे पात्यांचा पीळ मर्लिन इंजिनवाल्या स्पिटफायरच्या उलट असतो. शेजारीच स्पिटफायर उभं आहे म्हणून दोन्हीकडे बघू नका, तिथलं मार्क अठरा ग्रिफन इंजिनाचं आहे आणि ग्रिफनही उलटाच फिरतो. आपली फसगत होते ती अशी.

उष्ण देशांसाठी बनवलेल्या टेम्पेस्टला इंजिनाच्या आवरणामागे, अंगाच्या वरच्या बाजूला धूळ गाळणाऱ्या फिल्टरचं तोंड असतं आणि कॅनॉपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, मागच्या काठीसारख्या अँटेनाऐवजी अंगाच्या मधल्या-मागच्या भागावर बारीक लवचीक तार असते. हे दोन्ही भाग किटच्या डब्यात असले तरी सूचनापत्रात ते 'ऐच्छिक' म्हणून ढकललेले असतात. भारतीय विमान करताना त्यांच्याकडे आधी बघा.

फोटो काढताना माझी पद्धत अशी. जवळ जाऊन रुंद लेन्सने काढलेला फोटो मापासाठी निरुपयोगी, कारण नाक फुगतं आणि शेपटी आखडते. जमेल तितकं मागे सरकून, झूम करून, विमानाच्या अगदी काटकोनात उभं राहून काढा. मापाचा आधार म्हणून पंख्याचा व्यास धरा, १२ फूट ९ इंच, १:४८ मध्ये साधारण ८१ मिलिमीटर. पंखा दिसेल अशा प्रत्येक फोटोत मोजपट्टी आपोआपच असते. प्रत्येक भागाचे तीन फोटो काढा, पूर्ण, अर्धा आणि अगदी जवळचा. घरी आल्यावर 'हे नेमकं कुठलं झाकण' असा प्रश्न पडतोच. भिंतीवरच्या काचेतल्या जुन्या छायाचित्रांसाठी मी काळा ओढणीसारखा कपडा नेला होता. तो डोक्यामागे धरला की काचेवरची ट्यूबलाइट जाते.

रंगाबद्दल मात्र तिथल्या विमानाला काही विचारू नका. सेवेतून निवृत्त होऊन सत्तर वर्षं झालेल्या विमानावरचा रंग प्रदर्शनासाठी दिलेला असतो, थरावर थर. पंखाच्या मुळाशी वाकून पाहिलं तर स्क्रूच्या डोक्यातली खाच रंगाने बुजलेली दिसते, पॅनेलच्या फटी भरून आल्या आहेत. संग्रहालयाची ती चूक म्हणता येणार नाही, विमान टिकवायचं तर रंग द्यावाच लागतो. लंडनला माझी भाची असते, तिला मी हेंडनच्या ब्रिटिश हवाई दल संग्रहालयात पाठवलं होतं. कॉलिंडेल स्टेशनवरून चालत जाता येतं, तिथेही प्रवेश मोफत. तिथलं टेम्पेस्ट मार्क दोन आपल्याच हवाई दलात एचए ४५७ म्हणून होतं, पण आज ते ब्रिटिशांच्या ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या 'ओक्यू-एच' या अक्षरांत रंगवलेलं आहे. धातू भारतातून गेलेला, कपडे दुसऱ्याचे. म्हणून धातू, आकार, झाकणं, तोंडं संग्रहालयात बघावीत. रंग आणि खुणा तारीख असलेल्या छायाचित्रातच.

आणि असं एक छायाचित्र मला या प्रवासात मिळालं, ते हँगरमध्ये नव्हे, दिल्लीतल्याच द्वारकेत एका घरी. पुण्यातल्या मित्राच्या ओळखीचे एक काका तिथे राहतात. मूळ साताऱ्याकडचे, हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे कारागीर होते, वडीलही फिटर. मी चहाला गेलो तेव्हा त्यांनी पत्र्याची पेटी आधीच काढून ठेवली होती. वडिलांचा एक फोटो, जेमतेम सव्वादोन इंचाचा, कडा कातरलेल्या. तिघं जण पंखावर बसलेले, मागे पंख्याची दोन पाती. मागच्या बाजूला जांभळ्या शाईत 'अंबाला, मार्च १९४९'.

काका म्हणाले, "यात काही नाही बघा तुमच्या उपयोगाचं. गोल आहे तो नुसता पांढरा आहे. रंगवायचा राहिला असेल."

मी भिंग लावलं. पांढऱ्या गोलात अगदी फिकट, पाण्यासारख्या रेषा होत्या. मधून बाहेर जाणाऱ्या. त्या काळच्या साध्या फिल्ममध्ये निळा रंग फिकट उमटतो. लाल जवळजवळ काळा दिसतो, पिवळाही गडद होतो. चक्र तिथे होतं, फिल्मने ते पुसट केलं होतं. मी भिंग काकांच्या हातात दिलं. त्यांनी खिडकीशी जाऊन पाहिलं, मग बराच वेळ काही बोलले नाहीत. "आऱ्या आहेत की हो," एवढंच म्हणाले. सत्तर वर्षं तो फोटो त्यांच्या घरात होता.

या एका गोष्टीसाठी सांगतो, कृष्णधवल फोटोवरून रंग ओळखताना आधी फिल्मचा विचार करा. ब्रिटिश खुणेतला लाल आणि निळा यांची छटा अशा फिल्मवर उलटी पडते आणि माणूस शपथेवर चुकीचं सांगतो. फोटो मिळाला की मूळ प्रत मागू नका, घेऊ नका. त्यांच्या घरीच, खिडकीच्या उजेडात, दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मागचं लिखाण पुढच्या चित्राइतकंच मोलाचं. घरच्यांना एक मोठी छापील प्रत पाठवा.

काकांनी आणखी एक सांगितलं ते कुठल्याच किटच्या कागदावर नसतं. युनिटवर स्टेन्सिल, म्हणजे आकडे रंगवायचे साचे, हाताने कापत, पत्र्याची किंवा जाड पुठ्ठ्याची, आणि ज्याचा हात बसलेला तोच माणूस आकडे काढायचा. त्यामुळे एकाच तळावरच्या दोन विमानांचे ३ आणि ६ वेगळे दिसू शकतात. ब्रिटिश रिवाजाप्रमाणे क्रमांकाची उंची आठ इंच, १:४८ मध्ये सव्वाचार मिलिमीटरला जराशी कमी. पण आकड्याचं वळण फोटोवरूनच घ्यायचं. तयार छापील अक्षरं चिकटवली की विमान कारखान्यातलं वाटतं, तळावरचं वाटत नाही.

वेळ असेल तर दिल्लीतच राव तुलाराम मार्गावरच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या सैन्यविषयक अभ्यास संस्थेकडे महिनाभर आधी पत्र लिहा, ग्रंथालय बघायला मिळेल का ते विचारा. आयत्या वेळी दारात उभं राहू नका. ब्रिटिश स्क्वाड्रनवर काम करणाऱ्यांनी लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एआयआर २७ ही मालिका बघावी, स्क्वाड्रनच्या रोजनिशी. वाचकपत्रासाठी ओळखीचे दोन पुरावे लागतात, आत फक्त पेन्सिल, आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात. त्यात रंग लिहिलेले नसतात. पण कोणत्या दिवशी कोणता क्रमांक कोणी उडवला हे मिळतं, आणि फोटोची तारीख पक्की करायला तेच हवं असतं.

काश्मीरच्या त्या मोहिमेसाठी हृषीकेश मुळगावकरांना महावीर चक्र मिळालं. पुढे १९७६ ते १९७८ ते हवाई दलप्रमुख झाले. आपल्या भाषेत त्यांचं नाव निघतं, त्या लढाईतल्या विमानांचं निघत नाही. म्हणून मला हे मॉडेल नीट करायचं आहे.

सध्या चोवीस आऱ्यांचं चक्र डिकलच्या कागदावर छापून बघतोय. इतक्या लहान मापात आऱ्या एकमेकींत मिसळतात, साध्या प्रिंटरवर तिसऱ्या प्रयत्नात कुठे सुट्या दिसल्या. काकांसाठी मोठी केलेली प्रत लॅबमधून आली आहे, उद्या स्पीड पोस्टने द्वारकेला जाईल.