टेपर बघितल्याशिवाय नट आवळत नाही: आमची वाटचाल

१९९१ साली आम्ही शिरोलीत, हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड टाकलं, तेव्हा नुसतं स्टेअरिंगचं काम करणारा मिस्त्री शोधून सापडत नव्हता. इंजिनवाला स्टेअरिंगही बघायचा आणि पाटेवाला किंग पिनही (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) ठोकून द्यायचा. टाटा १२१० आणि लेलँड कॉमेट या दोन गाड्यांवर आमचं घर चाललं. पॉवर स्टेअरिंग अजून या गाड्यांत आलं नव्हतं, त्यामुळं किंग पिन जाम झाली की आधी ड्रायव्हरचे खांदे कुरकुरायचे, मग मालकाला कळायचं.

भागीदार म्हणजे आमचे वस्ताद. शिवाजी उद्यमनगरात त्यांचा लेथ होता. ना कागद, ना करार. जागा माझी, लेथ त्यांचा आणि शनिवारी रात्री हिशेब. बॉल जॉइंटच्या पिनचा टेपर, म्हणजे टोकाकडं बारीक होत जाणारा उतार, तपासायला त्यांनी मला दोन गेज (मापाचं भोक असलेले ठोकळे) करून दिले, एक १:१० चा, म्हणजे दहा मिलिमीटर लांबीला एक मिलिमीटर उतरणारा, आणि एक १:८ चा. लेथची कंपाउंड स्लाइड, म्हणजे हत्यार तिरकं सरकवणारा भाग, एकाला २ अंश ५२ मिनिटांवर लावायची, दुसऱ्याला ३ अंश ३५ मिनिटांवर. फरक जेमतेम पाऊण अंशाचा. डोळ्यांना तो दिसत नाही, हाताला लागत नाही आणि दुकानदार तर सांगतच नाही. वस्तादांनी तो कोन लावून, घासून, पाणी देऊन दोन ठोकळे माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मालक, नट पुरता आवळला म्हणून पिन बसली असं समजू नका. निळा लावून बघा." निळा म्हणजे पिन कुठं टेकते ते दाखवणारा निळा रंग. वस्ताद आता नाहीत. गेज आहेत, आणि त्यांना माझ्याशिवाय कुणी हात लावलेला मला चालत नाही.

पुढची वीसेक वर्षं सरळ गेली. चौपदरी रस्ता झाला, पॉवर स्टेअरिंगच्या गाड्या आल्या, आम्ही त्यांचे पंप आणि स्टेअरिंग बॉक्स खोलायला शिकलो, शेडचं स्लॅब झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग समोर एक दुकान उघडलं. नाव घेत नाही, हायवेवरच्या सगळ्यांना माहीत आहे. काचेचं ऑफिस, कंप्युटरवरचं अलाइनमेंट, बसायला सोफा. रेट आमच्यापेक्षा कमी, कारण माल दिल्लीहून गोणीनं यायचा. डब्यावर नाव नाही, पार्टवर नंबर नाही. ड्रॉप आर्म (स्टेअरिंग बॉक्सचा हात) घ्या, ड्रॅग लिंक (त्या हातापासून चाकाकडं जाणारा दांडा) घ्या, एंड (दांड्याच्या टोकाचा बॉल जॉइंट) घ्या, "सगळ्याला चालतं" हे एकच उत्तर. सगळ्याला चालणारी वस्तू स्टेअरिंगमध्ये नसते हे आम्ही ओरडून सांगत होतो, पण स्वस्ताईपुढं आमचा आवाज कुणाला ऐकू येणार?

२०१२ च्या सीझनला साखर घेऊन कोकणात निघालेली एक गाडी आंबा घाटात वळणावर वळलीच नाही. ड्रायव्हरच्या नशिबानं ती दरीकडं न जाता डोंगराकडच्या गटारात गेली. त्याचा पाय मोडला, जीव वाचला. गाडीच्या खणात आमचं तीन महिन्यांपूर्वीचं बिल सापडलं, आणि दोन दिवसांत सातारा ते निपाणी धाब्याधाब्यावर बातमी झाली की शिरोलीवाल्यांचं स्टेअरिंग सुटलं. ही बातमी कुणी पेरली ते मला तेव्हाही माहीत होतं, आजही आहे.

आमचं काम होतं किंग पिन, बुश आणि दोन चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे दोन्ही एंड. ड्रॅग लिंकच्या पुढच्या एंडला प्ले (ढिलाई) आहे, तो बदलावा, असं बिलावर खाली आम्ही लिहूनही दिलं होतं. मालकानं तो एंड समोरच्या दुकानात बदलून घेतला, कच्च्या चिठ्ठीवर.

विम्याचा सर्व्हेअर आला तेव्हा मी गेज आणि निळ्याची डबी घेऊनच गेलो. तुटलेली पिन आटे सुरू होतात तिथंच मोडली होती. तिच्या जाड टोकाला एक चकचकीत पट्टा, बाकीच्या अंगावर तांबूस भुकटी. पिन धुतली, बोटानं निळा पातळ पसरला, १:१० च्या गेजमध्ये घालून थोडी फिरवली आणि बाहेर काढली. निळा फक्त जाड टोकाला पुसला गेला होता. १:८ च्या गेजमध्ये घातली तर पूर्ण लांबीवर पुसला. आर्मचं भोक १:१० चं होतं. ३० मिलिमीटर लांबीवर पहिला टेपर ३ मिलिमीटर उतरतो आणि दुसरा ३.७५. म्हणजे नटाच्या बाजूला पाऊण मिलिमीटर मोकळं. आटे दोन्हीकडं एकच, म्हणून नट पुरता आवळला, नट फिरू नये म्हणून घालायची स्प्लिट पिनही लागली, आणि आत पिन प्रत्येक खड्ड्याला डुलत राहिली. तिचा सगळा वाक मग आट्यांच्या मुळाशी आला आणि तिथंच ती मोडली. सर्व्हेअरनं फोटो काढले, लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेला.

पण कागदावर सुटलो म्हणून धंदा सुटत नाही. ऐन सीझनला रॅम्प रिकामा, बँकेचा हप्ता डोक्यावर, दोन पोरं समोरच्या दुकानात कामाला गेली. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. ज्यांच्या गाड्या उधारीवर करून दिल्या, ते लोक हॉर्न वाजवून पुढं जायचे. २०१९ च्या पुरात हायवे बंद पडला, शेडमध्ये पाणी शिरलं, पण त्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. पूर चिखल टाकून जातो, नाव खराब करत नाही.

अपघातानंतरच्या त्या पहिल्या वर्षात एकच माणूस आला, शाहूवाडीचे अण्णा. त्यांच्या सात गाड्या, चिरा आणि साखर ओढणाऱ्या. अण्णा कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "सगळ्या गाड्या एकेक करून लावतो. सगळ्यांचे एंड काढून बघ." बघितले. दोन गाड्यांत तोच समोरच्या गोणीतला माल निघाला. अण्णांनी ते दोन एंड धाब्यावर नेले आणि जेवणाऱ्या ड्रायव्हरांसमोर टेबलावर ठेवले. पुढचं काही मी विचारलं नाही. पंधरा दिवसांत रॅम्पवर गाडी दिसायला लागली. अण्णांच्या गाड्यांची मजुरी आजही जुन्याच रेटनं लावतो, पोरगा कुरकुर करतो, करू दे. समोरचं दुकान अजून चालू आहे. माफी मागायला कुणी आलेलं नाही.

आता विचारलं नाही तरी सांगतो. एंड बदलायचा तर जुना आणि नवा शेजारी ठेवून नुसती लांबी बघू नका, टेपर बघा, आणि नळीत आटे किती आत जातात तेही बघा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढं आवळा, मागं कधीच सोडू नका. ड्रॉप आर्म मिलिमीटरनं लांब असला तरी चालतो, असं म्हणणाऱ्याला लांबनं नमस्कार करा. लांब आर्मानं बॉक्स आतून पुरता फिरायच्या आधीच चाक अ‍ॅक्सलच्या स्टॉप बोल्टला अडतं, पंप कण्हत राहतो, तेल तापतं आणि सील जातात, मग लोक तेलाला शिव्या देतात. वाकलेली ड्रॅग लिंक गॅसवर तापवून सरळ करू नका. वेल्डिंगचं तर नावच काढू नका. आणि बिनबिलाचा माल घ्यायचं कारण आता करात शोधू नका. सप्टेंबर २०२५ पासून पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

काढलेला पार्ट मात्र मागून घ्या, कुठल्याही गॅरेजात. आम्ही तो न मागता गोणपाटात बांधून केबिनमध्ये ठेवतो. नको असला तर तुम्हीच भंगारात घाला, पैसे तुमचे.