फणसाच्या सावलीतलं बॅडमिंटन कोर्ट

आमच्या देवरुखच्या घरामागे फणस, आंबे आणि एक जुनी बकुळ आहे, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गवत कधी टिकलंच नाही. हरळीला दिवसाचं पाच-सहा तास तरी ऊन लागतं, आमच्याकडे नुसते कवडसे. त्यात पोरं रोज तिथेच खेळणार, म्हणजे उन्हाळ्यात लाल धूळ आणि पावसाळ्यात चिखल नि शेवाळ, पाय टाकला की सटकलाच. म्हणून यंदा तिथे आर्टिफिशियल टर्फ टाकून बॅडमिंटनचं कोर्ट करून घेतलं, आणि ओळखीतले बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

सावलीत टर्फ टाकणं म्हणजे तडजोड असं मला मुळीच वाटत नाही, कारण हे टर्फ गाजलं तेच मुळी ऊन नसलेल्या जागेत. अमेरिकेत ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम हे छप्परवालं स्टेडियम १९६५ ला सुरू झालं, छतातून येणाऱ्या उजेडाने खेळाडूंचे डोळे दिपायचे म्हणून छत रंगवलं तर खालचं गवतच मेलं, मग १९६६ ला तिथे कृत्रिम गवत अंथरलं आणि त्यावरून ॲस्ट्रोटर्फ हे नाव पडलं. आपल्याकडे ते माहीत झालं हॉकीमुळे, १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकला पहिल्यांदा टर्फवर हॉकी झाली आणि आपण सातवे आलो, बाबांना अजून ते लागून राहिलंय. उघड्यावरचं टर्फ दुपारी एवढं तापतं की अनवाणी उभं राहवत नाही. आमच्याकडे पोरं भर मे महिन्यात अनवाणी खेळतात.

सावलीत खरा प्रश्न असतो पाण्याचा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि झाडाखालची जमीन पाऊस थांबला तरी लवकर वाळत नाही. त्यामुळे ज्यांना करायचंय त्यांना माझं एकच सांगणं, टर्फचा रंग नि सॅम्पल बघण्यात वेळ घालवण्याआधी खाली काय करणार ते ठरवा. आमचा निम्म्याहून जास्त खर्च खालच्या कामात गेला आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

पहिल्यांदा जो माणूस बघायला आला तो म्हणाला, "ताई, हा फणस काढा, सरळ काँक्रीट ओतू, वर टर्फ चिकटवू, विषय संपला." फणस आजीने लावलेला आहे, तो काढायचा प्रश्नच नव्हता, आणि मुळांवर काँक्रीट ओतलं तर झाड आज ना उद्या जाणारच की. मग दुसरा मिस्त्री शोधला. त्याने वरची चिकट लाल माती काढली, कडेने चिरे बसवले, जिओटेक्स्टाइल म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती नि खडी मिसळू न देणारं कापड अंथरलं, त्यावर मोठी खडी, मग बारीक खडी, मग कच, म्हणजे दगडाचा भुगा. प्रत्येक थर पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टरने, म्हणजे जमीन ठोकून दाबायच्या मशीनने, दाबला, फक्त झाडांच्या जवळ मशीन न नेता हाताने धुमस मारला आणि बुंध्याभोवती मोठं आळं मोकळं सोडलं. उतार शंभराला एक, म्हणजे आमच्या कडेच्या मोकळ्या जागेसकट २८ फूट रुंदीत साधारण साडेतीन इंच. खेळताना तो कळतही नाही, पण पाणी बरोब्बर गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, बाजूला जातं, तिथे भोकांचा पाइप टाकून ते खालच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, सोडलंय.

कोर्ट ४४ बाय २० फूट. नेटच्या एका खांबाचा खड्डा खणताना मनगटाहून जाड मूळ लागलं, आंब्याचं. मिस्त्रीने कोयता उचललाच होता, मी म्हटलं थांबा, कोर्टच सरकवू. आखणी सगळी नव्याने करावी लागली, एका बाजूला मागची मोकळी जागा दीड फुटाने कमी झाली, झाली तर झाली.

टर्फ १५ मिलिमीटर उंचीच्या पात्यांचं घेतलं. फुटबॉलला ४०-५० मिलिमीटरचं घेतात, ते बॅडमिंटनला चालत नाही, पाय अडकतो. जोड देणारा मुलगा इतका निगुतीने काम करत होता की मी चहा हातात धरून नुसती बघतच राहिले. रोल उलटा करायचा, मागे टाक्यांच्या ओळी दिसतात, कडेच्या दोन-तीन ओळी सोडून दोन टाक्यांच्या बरोबर मधून कटर चालवायचा, म्हणजे वरची एकही पात कापली जात नाही. आणि सगळ्या रोलच्या पात्यांचा कल एकाच दिशेला हवा, नाहीतर दोन पट्टे दोन रंगांचे दिसतात. झाडाखाली सकाळी उशिरापर्यंत दव असतं, म्हणून खालचं सगळं कोरडं झाल्याशिवाय त्याने गोंदाचा डबा उघडलाच नाही.

वरून पात्यांच्या मधे भरायला फक्त सिलिका वाळू घेतली. रबराचे काळे दाणे नको म्हटलं, युरोपियन युनियनने २०२३ मध्ये असल्या प्लास्टिक-रबराच्या दाण्यांच्या विक्रीवर बंदीचा नियम केलाय, मैदानांसाठी ती लागू व्हायला आठ वर्षांची मुदत देऊन. आमचं पाणी तर सरळ पऱ्यात जातं, तिथे ते दाणे कशाला.

आता निगा. पाचोळा साठू द्यायचा नाही, कुजला की त्यातच शेवाळ धरतं. कडक नायलॉनच्या ब्रशने पात्यांच्या उलट दिशेने घासायचं, वाळू मोकळी राहते. खालच्या फांद्या थोड्या वर घेतल्या, वारा खेळायला लागला तसं टर्फ बरंच लवकर वाळतं. शेवाळावर ब्लीचिंग पावडर मी टाकत नाही, ती पाण्याबरोबर मुळांपाशीच जाणार. फणसाचा चीक लागला तर विळीला लावतो तसं खोबरेल तेल चोळायचं आणि मग साबणाचं पाणी. आणि फणस तयार व्हायला लागले की कोर्टावर झुकलेल्या फांद्यांवरचे आधी उतरवून घ्यायचे, त्याशिवाय पोरांना खाली सोडायचं नाही.