तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: एसएलईएस पेस्ट वाईट असते का?

बचत गटाच्या बायकांना हँडवॉश आणि भांड्यांचं लिक्विड बनवायला शिकवते मी, त्यामुळे हा प्रश्न सारखा येतो, की मॅडम ही फेसाची पेस्ट म्हणजे केमिकलच ना, हिने कॅन्सर होतो म्हणतात, मग आपण कशाला विकायचं. प्रश्न अगदी बरोबर आहे. जी बाई स्वतःच्या हाताने ड्रममध्ये पेस्ट कालवते तिला हे कळायलाच पाहिजे, "काही होत नाही हो" म्हणून तिला गप्प करणं मला पटत नाही.

तर एसएलईएस म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट. खोबरेल किंवा पाम कर्नेल तेलापासून १२ ते १४ कार्बनचं अल्कोहोल बनवतात, त्याला इथिलीन ऑक्साइड जोडतात, मग सल्फेट करून कॉस्टिकने न्यूट्रल करतात. लेबलवर "नारळापासून" लिहिलेलं असतं ते त्या तेलापुरतं खरं, पण मधे एवढी केमिस्ट्री झालेली असते. आपल्या तारापूर-तळोजाच्या एमआयडीसीतसुद्धा असले सर्फॅक्टंट, म्हणजे तेल-मळ सोडवणारे फेसाचे पदार्थ, बनतात आणि परदेशात जातात. बाजारात मिळते ती ७० टक्क्यांची पेस्ट. म्हणजे १०० किलो हँडवॉशमध्ये १० किलो पेस्ट घातली तरी खरा माल ७ किलोच.

एसएलएस, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट, हा तिचाच भाऊ, फक्त त्याला इथिलीन ऑक्साइड जोडलेलं नसतं, आणि म्हणून तो कातडीला जास्त त्रास देतो. इतका की त्वचेच्या प्रयोगांमध्ये मुद्दाम कातडी लाल करून बघायची असेल तर डॉक्टर लोक एसएलएसचंच द्रावण वापरतात. टूथपेस्टमध्ये फेस येतो तो बहुतेक वेळा एसएलएसचा, दात घासल्यावर संत्र्याचा रस कडू लागतो तोही त्याच्यामुळेच. ज्यांना सारखं तोंड येतं त्यांनी एसएलएस नसलेली टूथपेस्ट वापरून बघावी असं मी सांगते, काहींना खरंच फरक पडतो.

आता कॅन्सर. ही अफवा १९९०च्या दशकात ईमेलवरून फिरायला लागली, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. एसएलएस किंवा एसएलईएसने कॅन्सर होतो असा पुरावा नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या पॅनेलने १९८३ मध्येच एसएलएस तपासून सांगितलं होतं की थोडा वेळ लावून नीट धुऊन टाकायच्या वस्तूंमध्ये हे सुरक्षित आहे, अंगावर बराच वेळ राहणाऱ्या वस्तूंमध्ये मात्र १ टक्क्याच्या वर नको. पण धूर निघतो त्याला एक खरं कारण आहे आणि ते लपवू नये. एसएलईएस बनवताना १,४-डायऑक्सेन नावाचा पदार्थ थोडासा तयार होतो, त्याने कॅन्सर होण्याची शक्यता मानली जाते. चांगला कारखाना व्हॅक्यूम लावून तो काढून टाकतो. न्यूयॉर्क राज्याने तर शॅम्पू आणि क्लीनरसाठी कायदाच केला, २०२२ अखेरपासून २ पीपीएम आणि २०२३ अखेरपासून १ पीपीएम, म्हणजे १० लाख भागांत १ भाग, याच्यावर चालणार नाही. म्हणून ड्रम घेताना सप्लायरकडे त्या बॅचचा सीओए, म्हणजे तपासणीचा दाखला, मागा आणि त्यात डायऑक्सेनचा आकडा आहे का बघा. दोन रुपये स्वस्त म्हणून बिनलेबलचा सुटा माल घेऊ नका, कृपा करून.

मला खरी काळजी वाटते ती हातांची. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईचे हात बघा, बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असतात. भांड्यांच्या लिक्विडमध्ये एसएलईएससोबत अ‍ॅसिड स्लरीही (तेल काढणारा आणखी एक कडक सर्फॅक्टंट) असते, ते लिक्विड पाणी न घालता थेट हातावर घेतलं आणि दिवसभर हात ओलेच राहिले की कातडीचं स्वतःचं तेल निघून जातं. हँडवॉश करणार असाल तर एसएलईएससोबत सीएपीबी (कोकामिडोप्रोपिल बीटेन, हा सौम्य सर्फॅक्टंट) घाला, दोन्ही एकत्र आले की सुटे रेणू कमी राहतात आणि कातडीत कमी शिरतात, आणि सायट्रिक अ‍ॅसिडने पीएच साडेपाच-सहाच्या आसपास आणा. पेस्ट कालवताना हातमोजे घाला, पेस्ट थोडी थोडी पाण्यात सोडा, पेस्टवर पाणी ओतत बसलात तर मधेच तिचा असा घट्ट गोळा होतो की ढवळणं मुश्कील. आणि प्रिझर्व्हेटिव्ह विसरू नका, पाणी असलेल्या वस्तूत जंतू वाढतातच, बाटलीवर हँडवॉश लिहिलंय म्हणून वाढायचे थांबत नाहीत.

"सल्फेट फ्री" लिहिलं की सौम्यच असंही धरू नका. बऱ्याच बाटल्यांमध्ये सोडियम ऑलिफिन सल्फोनेट असतं, नावाला सल्फेट नाही पण तेल काढायला तेवढंच कडक. आणि नैसर्गिक म्हणाल तर रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं की काय होतं ते ज्याने वापरलंय त्याला विचारा.

फेसाचं मात्र आपण डोक्यातून काढायला हवं. फेस म्हणजे सफाई नव्हे. तेल लावलेल्या डोक्याला पहिल्यांदा शॅम्पू लावला की फेस येत नाही, दुसऱ्यांदा येतो, कारण पहिल्या वेळी सगळा माल तेल उचलण्यात गुंतलेला असतो. म्हणजे खरं काम झालं ते बिनफेसाच्या वेळीच! बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो पण एसएलईएसला फेस येतो, हा तिचा मोठा गुण आहे. पण तो फेस धुवायला पाणी लागतं, आणि मराठवाड्यात जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथे जास्त फेसाचं लिक्विड विकणं म्हणजे बाईच्या डोक्यावर आणखी एक हंडा चढवणं आहे.

यावर नेहमी पुढचा प्रश्न येतोच, की फेस कमी केला तर गिऱ्हाईक येईल का. येतं, पण दाखवावं लागतं. बाजारात स्टॉल लावाल तेव्हा एक तेलकट ताट ठेवा, चमचाभर लिक्विड वाटीभर पाण्यात कालवा, गिऱ्हाइकाच्या हातूनच ताट घासून घ्या आणि एका तांब्यात धुवायला सांगा.